मलकीसदेकचं कपाट

नातीच्या शाळेला प्रोजेक्टचं भारी खूळ. या वेळी फॅमिली ट्री. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या हॉलमध्ये भला मोठा चार्ट पेपर अंथरला, त्यावर हिरवं झाड, फांद्यांवर चौकटी. तिच्या अम्मीकडची बाजू अर्ध्या तासात भरली. त्यांच्याकडे सात पिढ्या तोंडपाठ. मग आमची बाजू आली. माझं नाव लिहून झालं आणि वरच्या चौकटीपाशी पेन थांबलं.

"दादा, युअर फादर्स नेम?"

मी म्हटलं, आधी चहा पिऊ दे. ती म्हणाली, "इट्स ड्यू ऑन मंडे." चहा तसाच गार झाला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला असा प्रश्न शाळेने विचारू नये, असं माझं मत आहे. पण मला राग आला नाही. मला आमचे स्टोअरकीपर काका आठवले आणि खरं सांगतो, हसूच आलं. हा प्रश्न त्यांचा होता. दिवसातून वीस वेळा विचारायचे, "याचा बाप कोण?"

हे तेव्हाचं, जेव्हा यूएई हे नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं. शारजा म्हणजे खाडी, वाळू, झावळ्यांची घरं आणि रोल्ला मैदानातला तो अवाढव्य वड. मी तेवीस वर्षांचा, मुंबईहून बोटीने आलेला, एका कंत्राटदार कंपनीत क्लार्क म्हणून चिकटलेला. कंपनी पाइप टाकायची, पंप बसवायची. पाइपापासून नटापर्यंत सगळा माल ज्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचा, तिथले राजे म्हणजे काका.

दिसायला राजे मुळीच नव्हते. काडीसारखी अंगयष्टी, खाकी हाफ पँट, डोक्यावर काळी टोपी. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती तांब्याच्या तारेने बांधलेली. स्टोअरमध्ये चष्म्याचे स्क्रू होते, पण ते कंपनीचे. आडनावाच्या शेवटी 'कर'. त्यामुळे अरबांना ते हिंदू वाटायचे, हिंदूंना ते काळ्या टोपीमुळे आमच्यातले, मुसलमान वाटायचे, आणि आम्हाला मात्र ते कोण ते पक्कं ठाऊक होतं. आमच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. गावोगाव तेलाचे घाणे त्यांचे आणि शनिवारी घाणा बंद. यहुदी लोक, शेकडो वर्षांपासून आमच्या किनाऱ्यावरचे, घरात मराठी बोलणारे. काकांचे वडील गावात मराठीतून कीर्तन करायचे, तौरेतमधल्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातल्या पैगंबरांचं.

शारजातही काकांचा घाणा शनिवारी बंदच. सगळी कंपनी शुक्रवारी सुट्टी घ्यायची, तेव्हा हा माणूस एकटा स्टोअर उघडून बसायचा आणि शनिवारी खोलीत पाय पसरून वडिलांची कीर्तनाची वही वाचायचा. साहेबाने पहिल्या वर्षी कुरकुर केली. काकांनी त्याला सांगितलं की शुक्रवारी कोणी माल मागायला येत नाही, त्यामुळे त्या एका दिवसात माझं आठवड्याचं काम होतं. ते खरं निघालं आणि साहेब गप्प बसला.

शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमाराला त्यांचा आणखी एक उद्योग असायचा. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, हाताने कुस्करायच्या, गाळायच्या. तो शरबत पितळी पेल्यात ओतून, शेजारी तांदळाची भाकरी ठेवून ते काहीतरी पुटपुटायचे. मग आम्हालाही घोटघोट मिळायचा. आमच्या मेसमध्ये जेवायचे, पण कोळंबीला हात लावायचे नाहीत. कोकणातला माणूस आणि कोळंबी खात नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "खवले नाहीत, पर नाहीत. कागद नाही त्या जनावराचा."

कागद. सगळं तिथेच येऊन थांबायचं. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. कुठल्या कारखान्यातली, कुठल्या बोटीने आली, कुठल्या चलानावर, कोणी उतरवून घेतली, शेवटी शेरा. चलान नसेल तर वस्तू दारातच अडायची. "याचा बाप कोण?" काका विचारायचे. कागद हाच बाप, असं त्यांचं म्हणणं. एकदा साइटवरचा पंप बंद पडला आणि नेमका लागणारा व्हॉल्व्ह बिनचलानाच्या खोक्यात निघाला. फोरमन पठाण, आडदांड, 'यल्ला, निकालो' म्हणून दारावर बुक्के मारतोय आणि काका व्हॉल्व्ह छातीशी धरून बसलेत. दोन दिवस काम अडलं, साहेबाने शिव्या घातल्या, तरी हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या तळाला घासून घासून त्यांना ओतीव आकडा दिसला, तो जुन्या फायलीतल्या एका कागदाशी जुळला. मग हा माणूस अख्ख्या यार्डात ओरडत फिरला की बाप सापडला, बाप सापडला, आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. फोरमनलाही.

ज्यांचा बाप सापडत नसे त्या वस्तूंसाठी दाराजवळ एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्यात पितळी नळ, एका पायाचा बूट, डॉक्टरची कात्री, कुठल्याशा दाराची मूठ. यातलं काही वापरायचं नाही आणि फेकायचं तर मुळीच नाही. काका महिन्यातून एकदा कपाट उघडून एकेक वस्तू पुसायचे.

त्या कपाटाला नाव दिलं आमच्या टायपिस्टने. हा मलबारी ख्रिस्ती, गोरा, गोल, सदा हसतमुख, इंजीलचा, म्हणजे नव्या कराराचा पक्का. त्याने एक दिवस खडूने कपाटावर लिहिलं: मलकीसदेक. आणि मग जे भांडण लागलं ते पुढे कित्येक वर्षं रोज दहाच्या चहाला चालू राहिलं.

गोष्ट इतकीच. हजरत इब्राहिम लढाई जिंकून दमून परत येत होते. वाटेत शालेमचा राजा आणि देवाचा याजक मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा आला, त्याने आशीर्वाद दिला आणि इब्राहिमांनी आपल्या लुटीचा दहावा हिस्सा त्याला दिला. बस्स. तीन ओळींत राजा आला आणि गेला. पण पुस्तकात ज्याच्यात्याच्या बापाचं नाव असताना याचंच नाही. टायपिस्ट म्हणायचा, "काका, बाप नहीं, माँ नहीं, खानदान नहीं. इंजील में साफ लिखा है." म्हणून तर तो थोर, इसाच्या, म्हणजे येशूच्या आधीचा इसासारखा, असं त्याचं म्हणणं.

काकांचा तिळपापड व्हायचा. त्यांच्या जुन्या रब्बींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता म्हणे. मलकीसदेक म्हणजे दुसरातिसरा कोणी नाही, नोहाचा मुलगा शेम. पुरावा? काका चलानाच्या पाठीवर पेन्सिलीने नोहाच्या तुफानापासून आकडे मांडायचे. शेम सहाशे वर्षं जगला, तेव्हा इब्राहिमांच्या काळात तो असणारच. उलट इब्राहिम वारले तरी हा पुढे पस्तीस वर्षं होता. बाप नाही म्हणे! टायपिस्ट विचारायचा की मग इतका मोठा याजक असून त्याची गादी त्याच्या मुलांकडे का गेली नाही. काकांकडे त्याचंही उत्तर होतं. आशीर्वाद देताना त्याने आधी इब्राहिमांचं नाव घेतलं आणि मग देवाचं. "साहेबाच्या आधी शिपायाला सलाम ठोकला. गेली नोकरी." आणखी एका जुन्या यहुदी इतिहासकाराने म्हणे लिहून ठेवलंय की यरुशलेममध्ये पहिलं मंदिर त्यानेच बांधलं. एकदा काकांच्या भाच्याने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं, की मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेल्या जुन्या चामड्याच्या गुंडाळीत हा राजा आकाशातला न्यायाधीश म्हणून आलाय, फरिश्त्यांच्या पंक्तीत. टायपिस्ट नाचलाच. काका दोन दिवस रुसले. म्हणाले, "आमच्यातलेच लोक, पण त्यांनीसुद्धा वर आकाशात टांगला बिचाऱ्याला. खाली बाप होता त्याचा."

या भांडणात पंच मी. कारण आमच्या कुराणात हे नावच नाही, त्यामुळे मी तटस्थ. दोघंही माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचो, आज बरोबरी. पण आता सांगतो, मला ते भांडण नको असायचं. 'बाप नाही' म्हटलं की मी कप विसळायला उठायचो आणि 'याचा बाप कोण' म्हटलं की फायलीत तोंड खुपसायचो.

कारण मी स्वतः बिनचलानाचा माल. खाडीकाठच्या आमच्या गावात मशिदीच्या व्हरांड्यात मासळीच्या टोपलीत सापडलो. सुकट विकणाऱ्या एका विधवा बाईने उचललं, वाढवलं. ती माझी अम्मा. गावात कुजबुज व्हायची ती टोपली ठेवणाऱ्या बाईबद्दल, आणि ती काय असेल ते सांगायला नको. पासपोर्ट काढताना एजंटने बापाचं नाव विचारलं, तेव्हा अम्माचा भाऊ, माझा मामू, चटकन म्हणाला, माझं घाल. मामू खलाशी, जन्माचा बिनलग्नाचा. तेच नाव घेऊन मी समुद्र ओलांडला आणि वाटलं, सुटलो.

शारजातही काकांच्या हाताखाली पहिल्या आठवड्यात मला पळून जावंसं वाटलं होतं. पण हळूहळू कळलं की हा माणूस माणसांना तो प्रश्न कधी विचारत नाही. का ते नंतर समजलं. त्यांची पुतणी लग्न करायला तिकडे यहुद्यांच्या देशात गेली होती. तिथल्या धर्मगुरूंनी लग्न लावायच्या आधी विचारलं, तुझी आजी कोण, पणजी कोण, त्या खऱ्या यहुदी कशावरून, कागद आहे का. ते पत्र आलं तेव्हा काका शेडच्या मागे जाऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर इतकंच म्हणाले, "कोणी बघत नव्हतं तेव्हापासून शनिवारी घाणा बंद ठेवला आम्ही. तरी कागद मागतात." पुढे तिकडे मोठा आरडाओरडा झाला आणि त्या मुलीचं लग्न एकदाचं लागलं. पण काका त्या एका पत्राने दहा वर्षांनी म्हातारे झाले.

मग माझं लग्न निघालं. रोल्लाजवळ तांदळाची वखार असलेले एक दाभोळकडचे व्यापारी, त्यांची मुलगी झुलेखा. ईदला रोल्लाच्या वडाला झोपाळे बांधायचे, तिथे आम्ही दोनदा एकमेकांना बघितलं होतं. दुसऱ्यांदा ती हसली होती. तेवढ्यावर मी सहा महिने काढले. माझे सासरे, म्हणजे तेव्हा अजून व्हायचे होते, करडे गृहस्थ. त्यांनी मला पसंत केलं, तारीख धरायची बाकी होती. आणि कोणीतरी बोटीवरून आलेला गाववाला त्यांच्या वखारीत चहा प्यायला बसला. त्याने सांगितलं की हा ज्याला बाप म्हणतो त्याचं तर लग्नच झालेलं नाही. निरोप आला एका शब्दाचा. खलास.

मी राजीनामा लिहिला. पुढच्या बोटीने मुंबई गाठायची, मग तिथून कुठेही. राजीनाम्यावर स्टोअरची क्लिअरन्स लागायची, कंपनीची काही वस्तू तुमच्याकडे नाही म्हणून. मी कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी पेनचं टोपण काढलं, कारण वाचलं. 'घरगुती'. टोपण परत लावलं. म्हणाले, कारण अपुरं आहे, सही होणार नाही. मी चिडलो. ते ढिम्म. शेवटी मी त्या हिरव्या कपाटाला पाठ लावून सगळं सांगून टाकलं, टोपलीपासून मामूपर्यंत. रडलोही.

काकांनी चष्मा काढला, तारेपाशी जपून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "एक गोष्ट मी टायपिस्टला कधी सांगितली नाही. आमच्या जुन्या लोकांतले काही म्हणायचे की मलकीसदेकची आई बदनाम बाई होती, म्हणून आईबापाची नावं पुस्तकात घातली नाहीत. मी हे लपवून ठेवलं. मला लाज वाटायची." मग चष्मा परत लावत म्हणाले, "कशाला वाटायची कोण जाणे. तरी तो राजाच होता."

माझा राजीनामा त्यांनी खणात टाकून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले ते स्वच्छ लेंग्यात, बरोबर टायपिस्ट. एका हातात फडक्यात बांधलेली भाकरी, दुसऱ्या हातात बाटलीत मनुकांचा शरबत. वार शुक्रवार नव्हता, शरबत त्यांनी मुद्दाम केला होता. सायकली काढून आम्ही तिघं वखारीमागच्या सासऱ्यांच्या घरी गेलो. मी सगळ्यात मागे, रेंगाळत. काका मात्र लग्नाला निघाल्यासारखे.

सासऱ्यांनी बसा म्हटलं, कारण घरी आलेल्या म्हाताऱ्याला उभं ठेवत नाहीत. पडद्यामागे बांगड्या वाजल्या. काकांनी भाकरी आणि शरबत चटईवर मध्ये ठेवला. सासऱ्यांनी बाटलीकडे संशयाने पाहिलं. काका म्हणाले, नशा नाही, मनुका आहेत, आमच्याकडे द्राक्षारस मिळत नव्हता म्हणून आमच्या बायांनी हे काढलं. मग त्यांनी ती तीन ओळींची गोष्ट सांगितली. इब्राहिमांची दमलेली चाल, सामोरा आलेला राजा, भाकर, पेला. वडिलांचं कीर्तन अंगात आलं असावं. आवाज असा चढला की वखारीतले हमालसुद्धा दारात येऊन थांबले. आणि शेवटी म्हणाले, "या राजाला बाप नाही, आई नाही, खानदान नाही. पुस्तकात एक अक्षर नाही. हजरत इब्राहिमांनी त्याला विचारलं नाही, तू कोणाचा. त्यांनी भाकर खाल्ली आणि मान लववली. तुम्ही विचारणार?"

माझ्या शेजारी टायपिस्टने आ वासला. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो भांडला, ते वाक्य काकांनी माझ्यासाठी आपल्या तोंडाने बोलून टाकलं होतं. त्या माणसाला त्याची काय किंमत पडली ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

सासरे माझ्याकडे वळले. "टोपलीचं मला काही नाही. खोटं का बोललास?"

मी म्हटलं, भीती वाटली.

"निकाहला चारचौघांत काझी विचारतील. तिथे मामूचं नाव घ्यायचं नाही. खरं सांगशील?"

मी हो म्हटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, शरबतात बुडवला आणि तोंडात टाकला. पडद्यामागे कोणीतरी नाक ओढलं. ती झुलेखा होती. रडत नव्हते, सर्दी झाली होती, हे मला पुढे चाळीस वर्षं तिच्याकडून ऐकावं लागलं.

परत येताना सायकलीवर टायपिस्ट गाणं म्हणत होता. काका, आप मान गए, मान गए. काकांनी सायकल थांबवली, खाली उतरले आणि बोट नाचवून त्याला सांगितलं, "वो आज के लिए था. कल से फिर शेम."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला चलानाच्या पाठीवर पुन्हा आकडे.

निकाहला काझींनी विचारलं तेव्हा मी भरल्या मजलिशीत म्हटलं, माहीत नाही. काझींनी मान हलवली आणि अशा वेळी जी रीत आहे त्याप्रमाणे लिहिलं, बिन अब्दुल्ला, अल्लाच्या बंद्याचा मुलगा. मागच्या रांगेतून काकांचा आवाज आला, "बरोबर, लिहा," जणू काही रजिस्टर त्यांचंच होतं. सासऱ्यांना हसू आवरेना.

दोनेक वर्षांनी काका निघाले. आधी मुंबई, मग पुतणीकडे. स्टोअर माझ्या ताब्यात देताना आठ दिवस एकेक कार्ड वाचून दाखवलं. शेवटी हिरवं कपाट. नळ, बूट, कात्री, मूठ. सगळ्यांना पुसलं. म्हणाले, शोधत राहा, फेकू नकोस. बोट दिसेनाशी झाल्यावर मी परत आलो आणि कपाट उघडलं, तर तळाच्या फळीवर एक कार्ड होतं. त्यावर वस्तू नव्हती. त्यांचं बारीक, तिरकं, पेन्सिलीचं अक्षर.

ते कार्ड माझ्या पासपोर्टांबरोबर फिरलंय, शारजा, अबू धाबी, सगळीकडे. काल मी ते घरच्या कपाटातून काढून नातीपुढे ठेवलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.

वस्तू: त्या जागी माझं नाव. कुठून आली: मशिदीचा व्हरांडा, मासळीची टोपली. कोणी पाठवली: बाप होता, नाव लिहायचं राहिलं. स्थिती: उत्तम. शेरा: परत पाठवू नये.

तिने बराच विचार केला. "सो ही वॉज देअर? युअर फादर?"

"होता," मी म्हटलं. "प्रत्येकाला असतो."

मग तिने त्या वरच्या चौकटीत एक गोल चेहरा काढला, दोन डोळे, टोपी, आणि खाली इंग्रजीत लिहिलं, नेम नॉट रिटन यट. मला वाटलं संपलं. पण तिचं पेन खाली सरकलं, माझ्या चौकटीपाशी आलं, आणि तिने मला कार्डावरची शेवटची ओळ पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. तिने माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, डू नॉट रिटर्न.